थांबलेलं मोजायचं कशाने

माझ्या थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. तारखा माझ्या डोक्यात टिकत नाहीत, माणसं टिकतात. म्हणून असं सांगतो की जुळी नुकती आधार न घेता बसायला लागली होती आणि दादाच्या छातीत यंत्र बसवून तीन महिने झाले होते. तेव्हा एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला माझ्या डाव्या अंगठ्याने मला एक गोष्ट सांगितली, आणि ती मला ऐकायची नव्हती. आता सत्तरी उलटून गेली, तरी अंगठा तोच आहे. त्याच्या पोटाला तारेने पाडलेली एक चीर आहे, ती थंडीत ठणकते. कॉइल गुंडाळण्यात माझं आयुष्य गेलं. उजव्या हाताने दांडी फिरवायची आणि केसाहून बारीक तांब्याची तार डाव्या अंगठ्याखालून सोडत राहायची. बाराशे वेढे, दोन हजार वेढे, एकदा तर अकरा हजार. वेढे मोजणारं यंत्र पुढे आलं. मी शिकलो तेव्हा ते नव्हतं, आणि मला तर आकडेही लिहिता येत नव्हते. त्यामुळे मोजणी डोक्यात बसलीच नाही, अंगठ्यात बसली. मी कुणाशी बोलत असलो, मनात भलतंच चाललेलं असलं, तरी अंगठा आपला मोजत असतो. जिना चढताना पायऱ्या मोजतो, नळ गळत असला तर थेंब मोजतो. बायको म्हणायची, "तुमच्या हातात हात द्यायची सोय नाही, लगेच मोजणी सुरू." वर्कशॉपमध्ये मला सगळे गुंडाळ्या म्हणत. मीही ओ देत असे.

आमच्या वर्कशॉपचं काम मोजून देण्याचं. चुंबकाचं क्षेत्र दिसत नाही, त्याला वास नाही, हात घातला तर हाताला लागत नाही; ते कुठे किती आहे हे लोकांना सांगायचं. त्यासाठी मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या तीन खणांत तीन तऱ्हेची यंत्रं. वरच्या खणात माझ्या कॉइल, लहानमोठ्या, लाकडी पेट्यांत कापसावर ठेवलेल्या. मधल्या खणात चिपची काडी: वीतभर लांब, टोकाला तांदळाएवढी चिप. खालच्या खणात गाभ्याची नळी, ती फार नाजूक. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व असतं तेवढं बारीक मोजणारी, पण मोठ्या चुंबकापुढे नेली की आंधळी होणारी. बाई म्हणजे आमच्या मुख्य इंजिनियर. त्या नव्या माणसाला कपाटापुढे उभं करत आणि विचारायला लावत. जे मोजायचं आहे ते धावतंय का उभं आहे? धावत असेल तर सेकंदाला किती हेलकावे? आणि आहे केवढं, मुंगीएवढं की हत्तीएवढं? याची उत्तरं मिळाल्याशिवाय कपाटाला हात लावायचा नाही. कॉइल धावणाऱ्यासाठी. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते ती कॉइलला कळते, त्याहून शंभरपट, हजारपट वेगाची तर आणखी छान कळते. पण क्षेत्र जागच्या जागी उभं असेल तर कॉइल मुकी. बेडकासमोर किडा मेल्यासारखा पडून राहिला तर बेडकाला तो दिसतच नाही म्हणतात, तसंच. उभं असलेलं आणि मोठं मोजायचं तर चिपची काडीच लागते. हे मी दहा-बारा नव्या माणसांना तरी शिकवलं असेल. बेडकाचं उदाहरण बाईंचं नाही, माझं. एवढं सांगतो ते यासाठी, की मला माहीत नव्हतं असं नंतर मी कुणालाही सांगू शकलो नाही. स्वतःला तर नाहीच.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा मी अकराचा होतो, तो सोळाचा. वडील त्याआधीच नव्हते. तांबं शुद्ध करायच्या कारखान्यात तो लागला आणि तिथल्याच कुणाच्या ओळखीने मला या वर्कशॉपमध्ये चिकटवलं. रोज सकाळी मला दारापर्यंत सोडायचा. वाटेत मोठा रस्ता होता, ट्रकांचा. दादाने मला कधी हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं नाही, मनगट धरायचा. "हात सुटतो, मनगट सुटत नाही," म्हणायचा. त्याची पकड अशी, की रस्त्यापलीकडे गेल्यावर माझ्या मनगटावर चार बोटं पांढरी उमटलेली असायची आणि मी ती लाल होईपर्यंत बघत राहायचो. आम्ही दोघेही शाळेत गेलो नाही. तो शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिला. मी मात्र एकोणचाळिसाव्या वर्षी शिकलो, थोरली चौथीत होती तेव्हा तिच्याकडून. आधी तारेच्या रिळांवरची लेबलं, मग दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्र. माझं अक्षर अजून रांगतं आहे असं तेव्हा दादा सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि मला माहीत आहे, ते अभिमानानेच सांगायचा.

कारखान्यात त्याचं काम होतं शॉर्ट शोधण्याचं. लांबलचक शेड, तिच्यात आम्लाच्या टाक्या ओळीने, टाकीत तांब्याचे पत्रे शेजारी शेजारी टांगलेले, आणि सगळ्यांतून वीज जाते. घरातल्यासारखी उलटसुलट नव्हे, एकाच दिशेने, नदीसारखी. आणि केवढी, तर वीस-पंचवीस हजार अँपिअर. मनगटाएवढे नाही, मांडीएवढे जाड तांब्याचे पट्टे लागतात तिला. दोन पत्रे एकमेकांना चिकटले की तिथे वीज फुकट जाते आणि पत्रा तापतो. दादा टाक्यांवरच्या लाकडी फळीवरून चालायचा आणि तळहात पत्र्यांवर नुसता तरंगत न्यायचा. "हा," म्हणायचा, आणि तोच असायचा. तीस वर्षं. मग एक दिवस फळीवरच चक्कर येऊन पडला. हृदय मध्येच ठोका विसरतंय असं निघालं. छातीत काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं, हृदय विसरलं की आठवण करून देणारं. तेव्हापासून त्याला स्टोअरमध्ये बसवलं होतं, हातमोजे आणि बूट द्यायला-घ्यायला. शेडमध्ये पिवळ्या रेघेपुढे यंत्रवाल्या माणसाने जायचं नाही असा नियम. पण ती रेघ कुणी, कधी, कशावरून मारली हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कारखान्याच्या डॉक्टरने सांगितलं, मोजून आणा. फळीवर चुंबकाचं क्षेत्र अर्ध्या मिलिटेस्लाच्या आत असेल तर मी परवानगी देतो. त्याहून जास्त असेल तर महिनाअखेरीला तुम्हाला घरी बसवावं लागेल, स्टोअरमध्ये कायमची जागा नाही. आणि मोजून देणारं वर्कशॉप गावात एकच होतं, आमचं.

बाई त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होत्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे. फोनवर म्हणाल्या, "मिस्त्री, अहवाल तुम्हीच लिहा या वेळी. तुमचं अक्षर लागतं आता मला." म्हणजे माझ्या हातचा तो पहिला अहवाल. मग म्हणाल्या, "एकदिशेची वीज आहे तिथे. पण यंत्राने सरळ केलेली वीज, तिच्या अंगावर थोडी थरथर असणार, सेकंदाला तीनशेची. दोन्ही न्या." मी हो म्हणालो. कपाट उघडलं. वरच्या खणातून माझी बाराशे वेढ्यांची पेटी काढली. मग मधल्या खणाकडे हात नेला. काडी तिथेच होती, काळ्या डबीत. माझा हात डबीवर होता, डबीचं झाकण थंड होतं, आणि मी उभा होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्या वेळी मात्र अंगठ्याने काहीच मोजलं नाही. डोक्यात काही आलं होतं का? मी कितीदा आठवून पाहिलं आहे. दादा स्टोअरच्या खिडकीत हातमोज्यांच्या जोड्या लावत बसलेला, हे आलं होतं. आदल्या रविवारी तो माझ्या घरी आला आणि जुळ्यांना मांडीवर न घेता लांबूनच बघत राहिला, "मला काय आता, मी मोडका माणूस," म्हणाला, ते आलं होतं. खोटं काही करावं असं मनात आलं नव्हतं. मी काडीची डबी नुसती जागेवर राहू दिली. कपाट बंद केलं आणि स्वतःला म्हणालो, थरथर तर आधी मोजू.

गेटवर दादा वाट बघत होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"आला का गुंडाळ्या! पेटीत काय, जेवणाचा डबा?"

"यंत्र आहे."

"माझं मी छातीतच आणलंय. बघ, मला ओझं नाही."

गेटवरचा वॉचमन हसला. दादा त्याला म्हणाला, "हसतोस काय? माझा भाऊ आहे. नुसता मोजत नाही, लिहितो पण."

डॉक्टर तरुण होता, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. आम्ही तिघे शेडमध्ये शिरलो. आत उबट आंबूस हवा, डोळे चुरचुरायला लागले. घड्याळ काढून ठेवा, असं दारावर लिहिलेलं मी मोठ्याने वाचलं आणि दादाने डॉक्टरकडे असं पाहिलं, की पाहिलंत? पिवळ्या रेघेजवळ मी पेटी उघडली, कॉइल दांड्यावर चढवली, मीटरला जोडली. कॉइल पुढे करताना काटा एकदम उसळला, टोकाला आपटला आणि परत आला. मी थांबलो. हात स्थिर केला. काटा शांत झाला. माझ्या कामात एक सवय आहे, काटा शांत होईपर्यंत वाचायचं नाही. चांगली सवय आहे. चाळीस वर्षांत तिने मला कधी फसवलं नव्हतं. उभ्या क्षेत्रात कॉइल हलवली की तिच्यापुरतं ते क्षेत्र धावायला लागतं, म्हणून काटा उसळतो. ती उसळी हेच खरं माप होतं. आणि मी काटा शांत व्हायची वाट बघत होतो. शांत झाला तेव्हा म्हणालो, "दोन शतांश." फळीवर चढलो. काटा पुन्हा उसळला, पुन्हा शांत झाला. "चार शतांश." डॉक्टर लिहून घेत होता. शून्य आलं असतं तर मला शरम वाटली असती, शून्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. पण तीनशेच्या थरथरीने मला एक लहानसा, नीटनेटका, खराखुरा आकडा दिला होता.

"अर्ध्याच्या कितीतरी आत आहे की काका," डॉक्टर म्हणाला. "उगाच घाबरवून ठेवलं होतं तुम्हाला."

 दादाने एक पाऊल टाकून रेघ ओलांडली, फळीवर चढला, माझ्याजवळ आला. तीन महिन्यांनी. त्याने तळहात पत्र्यांवर नेला, कुणाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, न टेकवता. मग डाव्या हाताने माझा खांदा धरला आणि दाबला, आणि मला हुंदका येईल की काय असं झालं. म्हणून मी त्याचा हात खांद्यावरून खाली घेतला, नुसता धरायचा म्हणून धरला. मनगट. आणि अंगठा मोजायला लागला.

दवाखान्यात यंत्र बसवल्यावर मी त्याच्या उशाशी दोन दिवस होतो. तपासायला एक माणूस आला होता, त्याच्याकडे बांगडीसारखा गोल चुंबक. मला म्हणाला, "नाडी धरा, गंमत दाखवतो." मी धरली. दादाची नाडी त्याच्या चालण्यासारखीच, चार पावलं नीट, एक रेंगाळलेलं, मग जरा घाई. मग त्याने चुंबक दादाच्या छातीवर ठेवला आणि माझ्या अंगठ्याखाली दुसराच माणूस आला. टक, टक, टक, टक. मिनिटाला शंभर, एक कमी नाही, एक जास्त नाही. भिंतीवरच्या घड्याळासारखी, माणसासारखी नाहीच. चुंबक उचलला, पुन्हा दादा आला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "हे यंत्र एरवी हृदयाचं ऐकतं, ठोका चुकला तरच बोलतं. चुंबक जवळ आला की ऐकायचं थांबवतं, नुसतं बोलत सुटतं. आम्हाला तपासायला सोयीचं." मी विचारलं, मग चालेल का असं? तो म्हणाला, "मिनिटभर चालतं. पण एकाच घरात दोन माणसं आपापल्या तालात हातोडे मारायला लागली, तर एखादा घाव भलत्या वेळी पडणारच. तेवढा एकच पुरतो."

फळीवर माझ्या अंगठ्याखाली टक, टक, टक, टक. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत होता, टाक्यांच्या ओळीवर नजर लावून. त्याला काही कळत नव्हतं. सतरा, अठरा, एकोणीस. रेंगाळणं नाही, घाई नाही. मला वाटलं, आनंदाने होत असेल, माणसाची नाडी आनंदाने वाढतेच. पण आनंदाने नाडी अशी एकसारखी होत नाही. वाढते, धडपडते. चाळीस, एकेचाळीस. माझ्या खिशात अहवालाच्या कोऱ्या कागदांना लावलेली क्लिप होती, ती कापडाच्या आतून तांब्याच्या पट्ट्यांच्या दिशेने ओढ घेत होती, आणि मी शिरल्यापासून घेत असणार. डॉक्टर खाली उभा राहून पेनाचं टोपण लावत होता. कॉइल माझ्या दुसऱ्या हातात होती आणि तिचा काटा चार शतांशावर गाढ झोपला होता. माझी कॉइल खोटं बोलत नव्हती. तिला विचारलं तेवढ्याचंच उत्तर ती देत होती. जे उभं होतं ते मोजणारं यंत्र माझ्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून उभं होतं.

"दादा, खाली ये."

"थांब जरा."

"खाली ये म्हणतो ना!" माझा आवाज शेडमध्ये घुमला. डॉक्टरने वर पाहिलं.

मी त्याला मनगट धरून खाली आणलं, रेघेबाहेर, दाराबाहेर, उन्हात. तिथे एका पिंपावर बसवलं आणि मनगट सोडलं नाही. तीन नीट, एक रेंगाळलेला, मग दोन घाईचे. आला दादा परत.  डॉक्टरला म्हणालो, आजचं माप धरू नका. दुसरं यंत्र आणून उद्या परत मोजतो.

"पण आता आलं ना माप?" डॉक्टर म्हणाला.

"हे थरथरीचं माप आहे. उभ्या क्षेत्राचं राहिलं."

"मग आज का नाही आणलं?"

 दादा माझ्याकडे बघत होता. लिहिता-वाचता न येणारा माणूस तोंड फार चांगलं वाचतो, मीही एकोणचाळीस वर्षं तेच करत होतो. त्याला त्या क्षणी दोन्ही गोष्टी कळल्या असाव्यात: मी काय आणलं नव्हतं, आणि उद्या काय आणणार होतो.

डॉक्टर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "एकदा मोजलंस ना? झालं की मग."

"नाडी बदलते तुझी आत."

"माझी नाडी. तुला काय त्याचं? मला काही झालं का? चक्कर आली? उलटी आली?"

"झाल्यावर कळून उपयोग नाही दादा."

"आणि स्टोअरमध्ये मी काय जगतोय असं वाटतं तुला? तिथे बसून मेलो तर त्याचं माप कोण घेणार आहे?" मग उठला, शर्ट झटकला. "येतोस तर ये उद्या. यायलाच पाहिजे असं नाही."

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये गेलो नाही. घरी जाण्याऐवजी पाय दादाच्या घराकडे वळले. वहिनी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिने मला पाणी दिलं आणि समोर बसली. तिला फोनवर सगळं कळलं होतं.

"भावजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"ते आत गेले तर मरतीलच असं आहे का?"

"तसं नाही. कदाचित दहा वर्षं काही होणार नाही. कदाचित पहिल्याच दिवशी."

"आणि नाही गेले तर?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "नाही गेले तर काय होतं ते मी रोज बघते. सकाळी उठून हात पुढे करून बसतात असे. भिंतीपुढे, स्टोव्हपुढे. कुठे ऊब लागते का बघतात. परवा मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, काही नाही." तिने चिमट्यांची टोपली मांडीवर घेतली आणि त्यातले चिमटे एकेक उघडून-मिटून बघायला लागली. "मी तुम्हाला कमी लिहा म्हणत नाही. जास्त लिहा पण म्हणत नाही. मला विचारू नका म्हणजे झालं. मला त्यातलं काही माहीत नाही, असं मला राहू द्या."

मी जिना उतरलो. एकोणचाळीस पायऱ्या. खाली आल्यावर पुन्हा वर जावंसं वाटलं, तिला सांगावंसं वाटलं की मीही सकाळी कपाटापुढे अगदी असंच म्हणालो होतो, फक्त तोंडाने नाही. गेलो नाही. रस्त्यावर ऊन होतं. लोक येत-जात होते, एक बाई फोनवर कुणावर तरी ओरडत चालली होती, दुकानाच्या पायरीवर एक माणूस पंखा दुरुस्त करत होता; पात्याला बोट लावून हळूच फिरवून बघत होता. माझ्या मनात सारखं एकच: उद्या ताप आला असं कळवलं तर? बाई सुट्टीवर. डॉक्टरच्या वहीत चार शतांश लिहिलेलं आहेच, महिनाअखेर आठ दिवसांवर. कुणाला काही करावं लागणार नाही. मी फक्त उभं राहायचं. उभं राहिलेलं कुणाच्या काट्यावर येत नाही.

सकाळी कपाट उघडलं आणि डबी घेतली. या वेळी विचार केला नाही. विचार करायला बसलो असतो तर बसूनच राहिलो असतो.

काडीने मोजायला तसा काही आवेश लागत नाही. टोक पुढे करायचं, आकडा दिसतो, काटाबिटा काही नाही. पिवळ्या रेघेवर दोन. फळीवर सात, पट्ट्याजवळ अकरा. शेडच्या दारात एकाला थोडा कमी. म्हणजे रेघच चुकीच्या जागी होती, दाराबाहेर वीस पावलांवर हवी होती. स्टोअरमध्ये गेलो. दादा खिडकीत बसला होता. त्याच्या खुर्चीपाशी काडी धरली: एक दशांश. "इथे ठीक आहे," मी म्हणालो. त्याने हातमोज्यांची एक जोडी घेतली, उजवा डावा तपासला, घडी घालून बाजूला ठेवली.

तिथेच स्टोअरच्या टेबलावर मी अहवाल लिहिला. दुसरीकडे बसून लिहिता आला असता, पण त्याच्या पाठीमागे लिहिला असं व्हायला नको होतं. माझं अक्षर हळू. एकेक अक्षर मोठं आणि सुटं, थोरलीने शिकवलं तसं. आधी कॉइलचं माप लिहिलं, मग काडीचं. कॉइलच्या मापापुढे लिहिलं: हे यंत्र या कामाला योग्य नव्हतं, निवड माझी. मग शेवटची ओळ, यंत्र बसवलेल्या माणसाने शेडच्या दारापासून वीस पावलांच्या आत येऊ नये. दादा माझ्या हाताकडे बघत होता. कागदावर काय आहे ते त्याला वाचता येत नव्हतं, पण किती आहे ते दिसत होतं. चार शतांश असतं तर एका ओळीत झालं असतं.

सही केली तेव्हा तो म्हणाला, "यासाठी शिकलास होय रे?"

एवढंच. ओरडला नाही. पुढे तेरा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. लग्नकार्यात भेटलो, शेजारी बसलो, पंगतीत त्याने माझ्या पुढ्यात पाण्याचा तांब्यासुद्धा सरकवला, शब्द नाही. महिनाअखेरीला त्याला घरी बसवलं. कारखान्याने शॉर्ट शोधायचं यंत्र घेतलं, आणि ते पत्र्यांवरून फिरवायचं असतं असं ऐकलं, त्याच्या टोकाला चिपच असते. मला ही बातमी देणाऱ्याला वाटलं मी खूश होईन. बाई सुट्टीवरून आल्या, एका डोळ्यावर पट्टी होती, अहवाल दुसऱ्या डोळ्याजवळ धरून वाचला. म्हणाल्या, "काडी पहिल्या दिवशी कपाटातच होती ना, मिस्त्री?" मी हो म्हणालो. त्यांनी अहवालावर सही केली आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. कारण मग मलाही विचारता आलं असतं, की डबीवर हात ठेवून मी उभा होतो त्या वेळाचं माप कुठल्या खणातल्या यंत्राने घ्यायचं. अंगठ्याने तर तेव्हा मोजलं नव्हतं. आणि आणखी एक: आदल्या दिवशी दादाने खांद्यावर हात ठेवला नसता, किंवा मी त्याचं मनगट न धरता बोटं धरली असती, तर? मग माझा पहिला अहवाल एका ओळीचा झाला असता, आणि दादा माझ्याशी बोलत राहिला असता, जितके दिवस बोलता आलं असतं तितके.

तेरा वर्षांनी यंत्राची बॅटरी संपत आली तेव्हा ते बदलायचं ठरलं. वहिनीने मला निरोप पाठवला, तुम्ही या असं म्हणत नाही, पण अकरा वाजता आहे. मी गेलो. दादा दवाखान्याच्या पलंगावर, पाय बारीक झालेले. यंत्र तपासणारी आता एक मुलगी होती, पण चुंबक तसाच, बांगडीसारखा. तिने तो छातीवर ठेवला. मी दारात उभा होतो. दादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि चादरीखालून हात बाहेर काढला, तळवा वर करून, मनगट माझ्या बाजूला.

"मोज," म्हणाला.

मी धरलं. त्याने बोटं वळवून माझंही मनगट धरलं, पकड पूर्वीची राहिली नव्हती. टक, टक, टक. मुलीने चुंबक उचलला. एक नीट, एक रेंगाळलेला, एक घाईचा. "आलास," मी म्हणालो. 

जुळी सोळा वर्षांची झाली त्या वर्षी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी सव्वासातला, माझा थोरला भाऊ फुप्फुसाच्या तापाने घरी वारला. यंत्र चालू होतं.